डावीकडून उगवणाऱ्या गाड्या

सोमवार, ३

जावईबापू आज दोन खोकी घेऊन आले. एकात स्टिअरिंग, दुसऱ्यात पायातले ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. मी विचारलं, "बाकीची गाडी मागून येतेय का?" ते हसले. मनापासून हसतात, हा एक गुण. चाळिशीला आलेल्या माणसाने दिवसभर गाड्यांचे खेळ बनवत बसावं हे मला अजून पचलेलं नाही, पण लेकीला पचलंय, तेव्हा माझं कोण ऐकतो.

प्रकरण असं आहे. त्यांची चौघांची कंपनी, एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. तीन वर्षं खपून त्यांनी स्टॉक कारच्या शर्यतीचा खेळ बनवलाय आणि पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला तो बाजारात आणायचा आहे. चौघांनी तो इतका खेळलाय की आता त्यातलं बरंवाईट त्यांना दिसेनासं झालंय. म्हणून असला खेळ जन्मात न खेळलेला माणूस हवा. त्याने रोज तासभर खेळावं आणि जे वाटेल ते तोंडावर सांगावं.

"आणि चुका काढण्यात तुमचा हात कोण धरणार, बाबा?" जावईबापू म्हणाले.

हे मात्र खरं. बेअरिंगच्या कारखान्यात सगळी नोकरी मी तपासणी विभागात काढली. पाठीमागे मला 'नापास' म्हणायचे. मला ते माहीत होतं आणि आवडायचंही.

हिला विचारलं, खोकी कुठे ठेवू. ही म्हणाली, "जेवणाच्या टेबलाच्या त्या टोकाला ठेवा. घरातल्या चुका काढता त्या आता तिकडे काढा, मला जरा उसंत मिळू दे."

महिनाअखेरीस ताईकडे जायचंय. तिला पंचाहत्तर पूर्ण होताहेत. दर वेळेसारखी गाडी मीच चालवणार, घाटातून. त्याआधी हे खेळाचं काम हातावेगळं करीन म्हणतो.

मंगळवार, ४

पहिलं मत लिहून ठेवतो, पुढे बदललं तर बदललं.

स्टॉक कार म्हणजे दिसायला चार माणसांची साधी गाडी, पण आतून सगळं काढून टाकलेली. ना मागची सीट, ना काचा खालीवर. बाहेरून एवढ्या जाहिराती चिकटवलेल्या की मूळ रंग शोधावा लागतो. अशा पस्तीस-चाळीस गाड्या एका लंबगोल रस्त्यावर सुटतात आणि गोल गोल फिरतात. वळण नेहमी डावीकडेच.

ही मागे उभी राहून बघत होती. "मग पोचता कुठे?"

"कुठेच नाही. निघालो तिथेच."

"एवढा आरडाओरडा करून?"

आवाज मात्र पहिल्या प्रतीचा आहे. छातीत जाणवतो. स्टिअरिंग हातात खरोखर थरथरतं आणि टायर झिजत आले की जड होतं. मला अपेक्षा नव्हती. पायातले पेडल फरशीवरून सरकतात, तेव्हा खाली पायपुसणं घातलं.

एक गोष्ट आवडली नाही. कानात एक माणूस सतत बोलत असतो. जावईबापू त्याला टेहळ्या म्हणतात. खऱ्या शर्यतीत चालकाला शिरस्त्राण, पट्टे, खिडकीला जाळी, मान म्हणून वळवता येत नाही. कडेचं काही दिसत नाही. म्हणून प्रत्येकाचा एक माणूस स्टेडियमच्या छपरावर उभा राहून रेडिओवर सांगत असतो. 'आत एक' म्हणजे डावीकडे गाडी आहे, 'बाहेर एक' म्हणजे उजवीकडे भिंतीच्या बाजूला, आणि कुणीच नसलं की 'मोकळं'.

मी तो बंद करून टाकला. उभा जन्म गाडी चालवण्यात गेला माझा. मला दुसऱ्याने सांगायची गरज नाही.

शेवटून दुसरा आलो. शेवटच्याची गाडी पेटली होती.

शुक्रवार, ७

आज जावईबापूंना खूश करून टाकलं. प्रेक्षकांत पिवळ्या टोपीचा एक माणूस आहे, तो एकाच वेळी सतरा जागी बसलेला आहे. दुसरं म्हणजे शर्यत तासभर चालते, पण खांबांच्या सावल्या जागच्या हलत नाहीत. तिसरं, टायर बदलणारा कामगार चाक लावतो आणि पाना स्वतःच्या पोटातून आरपार नेतो.

फोनवर पलीकडे चौघांचा जल्लोष ऐकू आला. "बाबा, तीन वर्षांत आम्हाला हे दिसलं नाही!" मी म्हटलं, सवय लागते हो. पण आतून फुललो होतो, खोटं कशाला लिहू.

दुपारी बाजारात जायला गाडी बाहेर काढली तर कुणीतरी आपल्या फाटकाचा खांब हलवल्यासारखा वाटला. गाडीचा डावा आरसा त्याला लागून मोडला. गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये त्याच बाजूला कुणी घासून गेलं होतं. लोकांना शिस्त कसली ती नाहीच.

रविवार, ९

लेक, जावई आणि भिंगरी जेवायला. भिंगरी म्हणजे नात, पाच वर्षांची. एका जागी उभी राहिली तर आजारी आहे असं समजावं. तिने नवा खेळ शोधलाय. माझ्या डाव्या हाताला हळूच येऊन उभी राहते आणि मी दचकलो की टाळ्या पिटते. उजवीकडून आली तर मी आधीच पकडतो, म्हणून चोरटी तिकडून येतच नाही. हुशार आहे, आमच्याकडून गेलंय.

जेवताना पाण्याचा पेला सांडला. हिने तो भलत्याच जागी ठेवला होता. तसं सांगितलं तर काही बोलली नाही, पेला उचलून माझ्या उजवीकडे ठेवला. एरवी अशा वेळी चार शब्द ऐकवते.

आता मुद्द्याचं. खेळात खरा दोष सापडलाय, पिवळ्या टोपीपेक्षा मोठा. डावीकडच्या गाड्या उगवतात. येत नाहीत, उगवतात! आत्ता रस्ता रिकामा, आणि पुढच्या क्षणी दाराला दार घासून गाडी हजर. मी वळायला जातो आणि थडाड. उजवीकडच्या गाड्या कशा शहाण्यासारख्या मागून येतात, मोठ्या होतात, पुढे जातात. डावीकडच्यांना तेवढी रीतभात नाही.

जावईबापूंनी घास हातात धरून ऐकलं. "नेहमी डावीकडूनच, बाबा?"

"नेहमी. लिहून घ्या. हा दोष काढल्याशिवाय माल बाहेर जाता कामा नये."

लेक जावयाकडे बघत होती. कशाला ते कळलं नाही. बहुतेक नवऱ्याच्या कामात एवढी मोठी चूक निघाल्याने खट्टू झाली असावी.

संध्याकाळी हिच्याबरोबर फिरायला गेलो. एवढी वर्षं ही माझ्या उजवीकडून चालायची, हल्ली डावीकडे येते. म्हटलं, का गं? म्हणाली, "अशीच. इकडे बरं वाटतं." या वयात बाई काय करील सांगता येत नाही. मी मात्र सुखावलो.

बुधवार, १२

चौघं तीन दिवस माझा दोष शोधताहेत, सापडत नाहीये. त्यांच्याकडे गाड्या नीट येतात म्हणे. जावईबापूंनी दुसरा पडदा आणून जोडला, तारा बदलल्या, खेळ पुसून नव्याने घातला. फरक शून्य. माझ्या गाड्या उगवतातच.

"बाबा, चष्म्याचा नंबर कधी तपासलात?" जाता जाता त्यांनी विचारलं.

माल सदोष निघाला की कारखानदार पहिलं खापर गिऱ्हाइकावर फोडतो, हे मी उभ्या नोकरीत पाहिलंय. म्हटलं, "जावईबापू, पिवळी टोपी कोणी शोधली?"

पण एक सांगायला हवं. माझ्यासाठी त्यांनी खेळाची तारीख पुढे ढकललीय. तक्रार मिटल्याशिवाय बाजारात आणणार नाही म्हणाले. असा कारखानदार मी पाहिला नव्हता.

आज चौकात एक सायकलवाला असाच उगवला. ब्रेक करकचून दाबला म्हणून बरं. त्याने मला चार शब्द ऐकवले, मी त्याला सहा ऐकवले.

शनिवार, १५

आज त्यांच्या कार्यालयात गेलो, दोष प्रत्यक्ष दाखवायला. कार्यालय म्हणजे एक खोली, चार संगणक, कुणीतरी झोपून उठल्यासारखा दिसणारा सोफा आणि खालून येणारा इस्त्रीच्या कपड्यांचा वास. चौघंही माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. त्यात एक बारीकशी मुलगी आहे, तिला सगळे 'चष्मा' म्हणतात. तिला काम फार चांगलं येतं म्हणे.

मी गाडी सोडली. दुसऱ्या फेरीतच झालं. "ही बघा! ही निळी! आत्ता उगवली की नाही?"

मी मागे वळून पाहिलं. जावईबापू जमिनीकडे बघत होते. शेवटी चष्मा हळू आवाजात म्हणाली, "काका, ती केव्हाची तिथेच होती."

त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला, सावकाश. या वेळी मी निळीच्या मागावरच होतो, पडद्याच्या कोपऱ्याकडे तोंड करूनच बसलो. निळी पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून निघाली आणि चांगली ऐटीत, सगळा सरळ रस्ता पार करत माझ्याशेजारी आली. हत्तीएवढी दिसत होती.

मी म्हटलं, तुम्ही आत्ता काहीतरी बदललंत. चहा न घेता घरी आलो.

रविवार, १६

सकाळपासून घुश्शात होतो. हिने दोनदा चहा दिला, दोन्ही वेळा मी वाफ जाईपर्यंत बघत बसलो.

मग कारखान्यातली एक गोष्ट आठवली. आमच्याकडे सबंध पेटी नापास झाली की ती लगेच परत पाठवायची नाही, असा माझाच नियम होता. आधी आपलं मापक तपासायचं. एक नमुना कपाटात कुलपात ठेवलेला असायचा, अचूक मापाचा. आपलं मापक त्याला लावून बघायचं. मापक चुकीचं निघालं तर माल बरोबर. नव्या पोरांना मी हे इतक्यांदा सांगितलंय की ती माझी नक्कल करायची.

इथे माल नापास होतोय फक्त माझ्या हातून. चौघांच्या हातून पास. आणि मी आठवडाभर मापक तपासलंच नाही, कारण मापक मी आहे!

हिला हाक मारली. टेबलाशी बसलो आणि समोरच्या भिंतीवरच्या खिळ्यावर नजर रोखली. हिला म्हटलं, लाकडी चमचा हातात घे, आणि टेबलाच्या कडेकडेने माझ्या मागून सावकाश पुढे आण. दिसला की मी 'हं' म्हणेन, तिथे खडूने रेघ मार. आधी उजवीकडून. 'हं' म्हटलं. मग डावीकडून.

मी वाट बघत बसलो. वाटलं, ही अजून निघालीच नाही. म्हटलं, "आण की गं."

"आणतेय," ही म्हणाली. तिचा आवाज कसासाच आला.

शेवटी चमचा दिसला तेव्हा तो जवळजवळ माझ्या नाकासमोर होता. दोन्ही रेघा बघितल्या. उजवीकडची माझ्या कोपरापाशी. डावीकडची पार समोरच्या बाजूला, फुलदाणीच्या शेजारी. असला फरक बेअरिंगमध्ये निघाला असता तर मी भट्टी बंद करायला लावली असती.

ही खुर्चीत बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. "मला शंका होतीच," म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तीनदा सांगितलं. एकदा तुम्ही म्हणालात चष्मा पुसतो, एकदा म्हणालात दिवे मंद आहेत, आणि एकदा म्हणालात, तू तुझं बघ. म्हणून मग मी तुमच्या त्या अंगाने चालायला लागले."

म्हणजे ती डावीकडे यायची ते प्रेमानेच, पण मला वाटलं त्या प्रेमाने नव्हे. दुसऱ्या, जास्त कष्टाच्या.

मंगळवार, १८

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. तरुण आहेत, हात गार आहेत, बोलतात नीट. त्यांनी मला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं. आत कुठेकुठे ठिपका चमकतो, दिसला की बटण दाबायचं. मी म्हटलं, हा खेळ कुणी बनवला? त्या हसल्या. मी मन लावून खेळलो आणि सपशेल हरलो.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डावीकडची नजर जास्त गेलेली. दुखत नाही, खुपत नाही, मधलं सगळं स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. जिथे दिसत नाही तिथे मन आपलं रिकामा रस्ता भरून टाकतं, असं काहीतरी त्या म्हणाल्या. गेलंय ते परत येणार नाही. उरलंय ते थेंब घालून राखता येईल, आणि वेळेत आलात म्हणाल्या. अजून वर्ष गेलं असतं तर मधलंही धोक्यात होतं.

"कशावरून कळलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मोटारींच्या शर्यतीत," मी म्हटलं. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. हिने मान हलवली.

मग त्या म्हणाल्या, गाडी चालवायची नाही. मी विचारलं, गावात? नाही. ओळखीच्या रस्त्याने, दिवसाउजेडी? नाही. फाटकातून आतबाहेर? त्या नुसत्या बघत राहिल्या.

चालताना मान पूर्ण वळवून बघायची सवय लावा म्हणाल्या. ते जमेल.

बुधवार, १९

जमणार नाही. मान वळवणं नव्हे, गाडी सोडणं.

ताईकडे कसं जायचं? घाटातली वळणं मला तोंडपाठ आहेत. आणि खाली पोचल्यावर ताई दरवाजात उभी असते आणि म्हणते, आला माझा सारथी. पंचाहत्तराव्या वाढदिवसाला मी मागच्या सीटवर बसून जायचं? मला फार वाईट वाटलं. दुपारी खोलीचं दार लावून थोडा रडलो. लिहितो आहे, कारण ही वही कुणी वाचत नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. शर्यतीत चांगल्या चांगल्या चालकांनाही कडेचं दिसत नाही! म्हणून तर टेहळ्या असतो! हिला बोलावून सगळं समजावून सांगितलं. "तू शेजारी बसायचं. डावीकडे काही आलं की म्हणायचं 'आत', नसलं की 'मोकळं'. घरात कुणाला सांगायचं नाही. फक्त ताईकडे जाऊन येईपर्यंत."

ही शांतपणे भाजी निवडत होती. निवडायची थांबली.

"खेळात सांगीन. म्हणाल तितका वेळ. रस्त्यावर नाही."

"का? तुझी नजर चांगली आहे."

"मागे भिंगरी बसलेली असणार. माझा एक शब्द उशिरा आला तर?" मग म्हणाली, "आणि तुम्ही मला माफ कराल हो. मी स्वतःला करणार नाही. तेवढं ओझं माझ्यावर टाकू नका."

मी चिडलो. काय बोललो ते लिहीत नाही. ती पुन्हा भाजी निवडायला लागली, पण निवडलेलीच पुन्हा निवडत होती.

शुक्रवार, २१

काल काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं वागलो नाही.

आज चालत लाँड्रीपर्यंत गेलो. रस्ता ओलांडताना मान वळवून डावीकडे पाहिलं, तर अख्खी बस निघाली. बराच वेळ कडेला उभा राहिलो.

वर चौघंही होते. म्हटलं, "डावीकडच्या गाड्यांची तक्रार मी मागे घेतो. माल बरोबर आहे. मापकात दोष होता." मग सगळं सांगून टाकलं, काचबिंदूसकट.

जावईबापूंनी मला सोफ्यावर बसवलं. त्यांना आठवड्यापासून शंका होती म्हणे. लेक रोज म्हणायची, बाबांना सांग. हे म्हणायचे, तूच सांग. शेवटी दोघांनी मिळून हिला सांगितलं, आणि ही म्हणाली, ते स्वतः मोजल्याशिवाय मानणार नाहीत, मोजू दे.

"मग एवढे दिवस शोधत काय होतात? तारीख कशाला पुढे ढकलली?"

"बाबा, शंका होती, खात्री नव्हती. आणि तुम्ही नापास केलेला माल मी कसा विकणार?"

इतका मान मला कारखान्यात कुणी दिला नव्हता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, इस्त्रीची वाफ डोळ्यात गेली असं सांगितलं.

चष्मा म्हणाली, काका, शोध फुकट गेलेला नाही. त्या नादात सापडलं की आमचा टेहळ्या फार उशिरा बोलतो. आता तो आधीपासून सांगेल. ज्यांना कडेचं दिसत नाही अशा लोकांसाठी आणखी मोठ्याने, असंही करता येईल. मी म्हटलं, आवाजही बदला त्याचा, बँकेतून बोलतोय असं वाटतं.

खेळ ठरल्या तारखेला जाणार. मी पास म्हटलं.

रविवार, २३

सकाळी हिची माफी मागितली. 'राहू द्या' म्हणाली. मग म्हणाली, "चला, खेळायचंय ना? मी सांगते म्हटलं होतं."

माझ्या डावीकडे खुर्ची ओढून बसली. पहिल्या दोन फेऱ्या फार सभ्यपणे 'आत आहे', 'मोकळं' चाललं होतं. मग हिच्या अंगात आलं. "अहो आत आहे, आत! तो तांबडा! थांबा, थांबा, जाऊ दे मेल्याला! आता मोकळं! अहो मोकळं म्हटलं ना, जा की!" भिंगरी टेबलाखालून ओरडत होती, लेक दारात उभी राहून हसत होती. नववा आलो! पस्तिसांत नववा! हिने हात वर करून सगळ्यांना सांगितलं, "मी आणला नववा." मी नाही म्हटलं नाही.

जावईबापू फोन समोर धरून सगळं टिपत होते. म्हणाले, आईंचाच आवाज घालू या. ही लाजून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून विचारलं, "मेल्याला काढाल ना त्यातून?"

जेवणानंतर मी गाडीची किल्ली आणली आणि जावईबापूंच्या हातात ठेवली. हसतमुखाने ठेवायचं ठरवलं होतं. थोडंफार जमलं. जावईबापू शर्यतीचे खेळ बनवतात, पण खरी गाडी अशी चालवतात की मागून सायकलवाले घंटा वाजवतात. घाटात आम्हाला भरपूर वेळ मिळणार.

शनिवार, २९

ताईच्या घरून लिहितोय. पोचलो. वेळ कितीही लागला तरी पोचलो.

सबंध घाट मी तोंड मिटून बसलो. ही म्हणते दोनदा बोललो, मी म्हणतो एकदाच. जावईबापू प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत होते, सरळ रस्त्यावरही. भिंगरीला दोन डुलक्या काढून झाल्या.

ताईचं घर चढावर आहे. दगडी खांबांमधून गाडी उलटी आत घ्यावी लागते, कारण आत वळायला जागा नाही. हे मी दर वेळी एका दमात करायचो आणि ताई दरवाजातून बघायची. आज जावईबापूंनी दोनदा प्रयत्न केला, दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाबा, जरा बघता?"

उतरलो. बाकीचे सगळे आधीच उतरून सामान नेत होते. मी कडेच्या बुटक्या भिंतीवर चढलो, म्हणजे सगळं दिसावं. ताई दरवाजात उभी होती. समोर रस्ता रिकामा, दोन्ही खांब दिसत होते. 'मोकळं' हा शब्द तोंडात आलाच होता.

पण आता सवय लावायची म्हणून मान वळवली. पूर्ण, खांद्यापर्यंत. डाव्या खांबाच्या मुळाशी भिंगरी उकिडवी बसली होती, मुंग्यांची रांग बघत. गाडीच्या मागच्या चाकापासून दोन पावलांवर.

गाडी अजून हललीही नव्हती. कुणाला काही कळलंही नाही. मी "थांबा" म्हटलं, ते इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हटलं. खाली उतरलो, तिला उचललं आणि ताईच्या हातात नेऊन दिलं. "आजोबा, मुंग्या!" ती म्हणाली. "हो गं," मी म्हटलं. हिने दारातून ते पाहिलं असावं, कारण ती येऊन माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली.

पुन्हा भिंतीवर चढलो. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, परत डावीकडे पाहिलं. वाकून चाकांखाली पाहिलं. हिला विचारलं, ती म्हणाली काही नाही. तरी आणखी एकदा पाहिलं. मग हात वर करून "मोकळं!" म्हटलं, आणि जावईबापूंनी गाडी उलटी, सरळ, एका दमात आत घातली.

ताई भिंगरीला कडेवर घेऊन उभी होती. "काय रे, या वेळी फारच वेळ लावलात," ती म्हणाली.

"लागतो, ताई," मी म्हटलं.